टेस्टोस्टेरॉन कमी आलंय? घाबरायच्या आधी कुठून सुरुवात करायची

माझ्या रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉनसमोर २३८ आकडा होता, लाल रंगात, शेजारी खाली जाणारा बाण. मी तेव्हा ४६ चा. पुढच्या तीन रात्री मी मोबाईलवर ह्याच विषयाचं जे मिळेल ते वाचत जागलो, एका ठिकाणी टेस्टोस्टेरॉनचं जेल ऑर्डर करायच्या पानापर्यंत पोचलोसुद्धा, आणि नंतर डॉक्टरकडे गेलो तर त्यांनी रिपोर्ट नीट न बघताच पहिला प्रश्न विचारला की रक्त किती वाजता दिलं होतं. मी म्हटलं दुपारी साडेतीनला, जेवून. ते म्हणाले, मग हा कागद बाजूला ठेवा.

तर ज्यांचं नुकतंच असं काही झालंय किंवा ज्यांना नुसता संशय येतोय त्यांच्यासाठी क्रमाने लिहितोय. मी डॉक्टर नाही, ह्या सगळ्यातून गेलेला माणूस आहे, औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरचाच. पण डॉक्टरसमोर बसल्यावर काय विचारायचं आणि काय आधीच करून जायचं हे माहीत असलं की निम्मा त्रास वाचतो.

आधी दोन ओळीत हे हार्मोन चालतं कसं ते. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती एलएच नावाचा निरोप रक्तातून खाली पाठवते, आणि अंडकोषातल्या पेशी तो ऐकून टेस्टोस्टेरॉन बनवतात. रक्तात पुरेसं झालं की वरून निरोप कमी होतो. म्हणजे बिघाड खाली असू शकतो, वर असू शकतो, किंवा दोन्हीकडे सगळं ठीक असून शरीरच दमलेलं असू शकतं. वयानुसार ते साधारण तिशी-चाळिशीनंतर वर्षाला एखादा टक्का उतरतं, पण हा उतार फार हळू असतो. चाळिशी-पन्नाशीत एकदम आपटी खाल्ली असेल तर नुसत्या वयावर ढकलू नका, दुसरं काहीतरी असतं.

पायरी १: लक्षणं कोणती धरायची आणि कोणती सोडायची

थकवा, चिडचिड, पोट सुटणं, कामात लक्ष न लागणं, ही यादी कुठेही वाचली की आपल्याला वाटतं अरे हा तर मीच. पण ही यादी चाळिशीतल्या जवळपास प्रत्येक माणसाला लागू पडते, थायरॉईड कमी असला तरी हेच होतं, डिप्रेशन असलं तरी हेच, झोप अपुरी असली तरी हेच.

२०१० साली युरोपात ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांहून जास्त पुरुषांवरचा एक मोठा अभ्यास आला होता, त्यात कमी टेस्टोस्टेरॉनशी खरोखर घट्ट जोडलेली लक्षणं तीनच निघाली. संबंधाची इच्छा कमी होणं, सकाळी उठताना येणारी ताठरता कमी होणं, आणि संबंधाच्या वेळी ताठरता न टिकणं. ही तिन्ही लक्षणं आणि आकडाही कमी असे पुरुष त्यात किती होते तर साधारण २ टक्के! आणि जाहिराती बघाल तर वाटेल निम्मं जग ह्यानेच आजारी आहे.

त्यामुळे दोन आठवडे जरा स्वतःकडे लक्ष द्या. सकाळची ताठरता आठवड्यातून किती वेळा, इच्छा होते का, दुपारी किती वाजता डोळे मिटायला लागतात, रात्री किती तास झोप झाली. वहीत किंवा फोनमध्ये लिहून ठेवा, डॉक्टरला तोंडी सांगताना आपण निम्मं लाजून गाळतो, लिहिलेलं असलं की नुसतं पुढे करता येतं.

काही गोष्टी मात्र वहीत लिहीत बसायच्या नाहीत, सरळ जायचं. छातीला गाठीसारखी सूज किंवा दुखरेपणा, अंडकोष लहान झाल्यासारखे वाटणं, दाढी-अंगावरचे केस कमी होणं, किरकोळ पडून हाड मोडणं. आणि सततची डोकेदुखी असून सोबत बाजूचं दिसेनासं झालं असेल तर त्याच आठवड्यात, कारण ते पिट्युटरीच्या गाठीचं लक्षण असू शकतं.

अजून एक, फक्त ताठरतेचा त्रास आहे आणि इच्छा चांगली आहे, असं असेल तर बऱ्याचदा दोष हार्मोनचा नसून रक्तवाहिन्यांचा असतो. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून चोंदायला लागल्या की आधी तिथे कळतं, हृदयाला नंतर. अशा माणसाने टेस्टोस्टेरॉनच्या मागे लागण्यापेक्षा बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आधी बघावं. गंमत म्हणून सांगत नाहीये, ह्यामुळे वेळेत हार्टचं निदान झालेली माणसं आहेत.

पायरी २: टेस्ट नीट करणं (इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो)

टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दुपारपर्यंत उतरतं. म्हणून रक्त सकाळी ७ ते १० च्या मध्ये द्यायचं, उपाशी पोटी. उपाशी कशाला, तर साखरेने ते खाली येतं, ग्लुकोजचं पाणी पाजून तपासलं तर साधारण पाव हिस्सा उतरलेलं दिसलंय. आणि एकदा कमी आलं म्हणून कमी असं नाही, वेगळ्या दिवशी परत करायचं, शक्यतो त्याच लॅबमध्ये कारण प्रत्येक लॅबची पद्धत आणि रेंज जरा वेगळी. ताप, मोठं इन्फेक्शन, ऑपरेशन ह्याच्यातून नुकते उठला असाल तर महिनाभर थांबा, आजारपणात हे हार्मोन पडतंच. रात्रपाळी करून सकाळी थेट लॅबमध्ये जाऊ नका, डॉक्टरला पाळीचं सांगा. केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, काही मशीनवर त्याने आकडा चुकतो.

आता आकडे. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटरच्या खाली कमी मानते. एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या गाइडलाइनमध्ये निरोगी तरुणांवरून काढलेली खालची मर्यादा २६४ आहे. युरोपात नॅनोमोलमध्ये मोजतात, तिथे १२ च्या वर असलं तर बहुतेक काही नाही, ८ च्या खाली असलं तर बहुतेक आहे, आणि मधलं सगळं धूसर. तुमचा रिपोर्ट नॅनोग्रॅममध्ये असेल तर साधारण २८.८ ने भागा म्हणजे नॅनोमोल मिळतील. एवढ्या मोठ्या मोठ्या संस्थांचं एका आकड्यावर जमत नाही ह्यावरून समजा की २९५ आणि ३०५ मध्ये काही लक्ष्मणरेषा नाहीये.

एक बारकावा आहे तो मात्र नीट समजून घ्या. रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रोटीनला चिकटून फिरतं, मोकळं म्हणजे फ्री असतं ते फक्त २ टक्क्यांच्या आसपास. त्यातलं एक प्रोटीन एसएचबीजी. वजन जास्त असलं की एसएचबीजी कमी होतं, त्यामुळे टोटल आकडा पडलेला दिसतो पण मोकळं पुरेसं असू शकतं. वय वाढलं की एसएचबीजी वाढतं, मग उलटं होतं, टोटल छान आणि मोकळं कमी. म्हणून आकडा काठावर असेल तर एसएचबीजी आणि अल्ब्युमिन (असंच दुसरं प्रोटीन) करून त्यावरून फ्री टेस्टोस्टेरॉन काढायला सांगा. थेट फ्री मोजणारी जी स्वस्तातली टेस्ट पॅकेजमध्ये असते तिच्यावर फारसा भरवसा ठेवत नाहीत.

माझे सकाळचे दोन आकडे आले २९१ आणि ३०४. म्हणजे ना धड इकडे ना धड तिकडे.

पायरी ३: कारण शोधा

दोन सकाळी कमी आलं की लगेच इंजेक्शन असं सांगणारा कुणी भेटला तर उठून या. आधी एलएच आणि एफएसएच (पिट्युटरीचाच दुसरा निरोप, शुक्रजंतूंसाठीचा). ते वाढलेले असतील तर वरून निरोप ओरडून ओरडून येतोय आणि अंडकोष दाद देत नाहीयेत. ह्यात मोठेपणी झालेला गालगुंडाचा त्रास, केमो, लहानपणी न उतरलेले अंडकोष, क्लाइनफेल्टर सिंड्रोम (पुरुषात एक एक्स क्रोमोसोम जास्त असणं) वगैरे येतं. क्लाइनफेल्टर जन्मजात असूनही कित्येकांना मोठेपणी मूल होत नाही म्हणून तपासायला गेल्यावरच कळतं. आणि एलएच कमी किंवा नुसताच नॉर्मल असेल तर प्रॉब्लेम वरच्या बाजूला, मग प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच आणखी एक हार्मोन, फार वाढलं तर एलएच दाबतं), थायरॉईड, शरीरातलं लोह, शुगर हे बघतात, गरज वाटली तर एमआरआय.

माझ्या मेहुण्याचं उदाहरण देतो, त्याला विचारूनच. त्याचं १४० होतं, एलएच तळाला, आणि एका ठिकाणी त्याला सरळ इंजेक्शनचा कोर्स लिहून दिला होता. दुसऱ्या डॉक्टरने प्रोलॅक्टिन केलं तर ते भलतंच वर, एमआरआयमध्ये पिट्युटरीवर छोटी गाठ, साधी गाठ, कॅन्सर नाही. प्रोलॅक्टिन उतरवणाऱ्या कॅबरगोलिनच्या गोळ्या सुरू झाल्या, आठवड्यातून दोनदा, आणि काही महिन्यांत प्रोलॅक्टिन खाली, टेस्टोस्टेरॉन आपलं आपण वर. इंजेक्शन घेतलं असतं तर आकडा सुधारला असता आणि गाठ तशीच वाढत बसली असती.

औषधांची यादीही काढा. दुखण्यासाठी बरेच महिने अफूच्या वर्गातल्या गोळ्या, दमा किंवा सांध्यांसाठी लांबलेले स्टेरॉईड, आणि जिममध्ये घेतलेली इंजेक्शनं, मग ती दहा वर्षांपूर्वीची का असेनात. शेवटचं सांगायला लाज वाटते पण सांगा, कारण बाहेरून टेस्टोस्टेरॉन घातलं की वरचा निरोप बंद पडतो आणि तो परत सुरू व्हायला कधी महिने तर कधी वर्षसुद्धा जातं. चालू औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका हां.

माझ्या बाबतीत डॉक्टरचा दुसरा प्रश्न होता, घोरता का? मी "कधीतरी" म्हणायला तोंड उघडलं तोवर शेजारच्या खुर्चीतून बायको म्हणाली, "रोज. आणि मधेच श्वास थांबतो ह्यांचा, मी हलवते मग परत सुरू होतो." अकरा वर्षांत हे ती मला कधी बोलली नव्हती, म्हणे तुम्हाला वाईट वाटेल. झोपेची तपासणी केली, स्लीप अ‍ॅप्निया निघाला, तासाला तीसेक वेळा श्वास अडत होता.

पायरी ४: झोप आणि वजन

हे कंटाळवाणं आहे म्हणून लोक उडी मारून पुढे जातात, पण काठावरच्या बहुतेकांचं काम इथेच होतं.

२०११ सालचा एक छोटा प्रयोग आहे, दहा तरुण निरोगी मुलं, आठवडाभर रात्री फक्त ५ तास झोप. दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. आठवड्यात! आणि आपण वर्षानुवर्षं पाच तासांवर काढतो आणि वर अभिमानाने सांगतो.

वजनाचं गणित असं की चरबीच्या पेशींमध्ये अ‍ॅरोमटेज नावाचं एन्झाइम असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन बनवतं, ते इस्ट्रोजेन वर मेंदूला सांगतं की आता पुरे, मग वरून निरोप कमी, टेस्टोस्टेरॉन अजून कमी, मग स्नायू कमी, चरबी जास्त, आणि गोल गोल चालूच. हे चक्र तोडायचं तर वजनाच्या बाजूनेच तोडता येतं. साधारण १० टक्के वजन उतरलं तर साठ ते ऐंशी नॅनोग्रॅमची वाढ दिसते, जितकं जास्त उतरेल तितकी जास्त. टाइप २ डायबिटीस असेल तर शुगर आटोक्यात आणणं हाही ह्याच पायरीचा भाग.

व्यायामात वजनं उचला, आठवड्यातून दोन-तीनदा. खरं सांगायचं तर त्याने टेस्टोस्टेरॉन कायमचं फारसं वाढत नाही, व्यायामानंतर थोडा वेळ वर जातं आणि परत येतं, पण स्नायू, हाडं, मूड, शुगर ह्या सगळ्यात जो फरक पडतो तोच तर आपल्याला हवा असतो ना. उलट उपाशी राहून रोज तासन्‌तास पळणाऱ्यांचं खाली जातं. दारू कमी करा, रोजची असेल तर तीच कारण असू शकते.

अ‍ॅप्नियासाठी मी रात्री मास्कचं मशीन लावायला लागलो. पहिले दोन आठवडे पाणबुड्यासारखं वाटायचं, एकदा तर झोपेत मास्क काढून उशीखाली ठेवला होता. पण दुपारची पेंग महिन्याभरात गेली. दहा महिन्यांत ९ किलो उतरले, परत टेस्ट केली, ३८६. मशीनमुळे टेस्टोस्टेरॉन वाढतं असा ठाम पुरावा नाही, माझं वजनामुळेच वाढलं असणार, पण झोप झाली नसती तर वजन उतरवायची ताकद आली नसती.

पायरी ५: सप्लिमेंट

लवकर उरकतो. झिंक किंवा व्हिटॅमिन डी खरंच कमी असेल तर भरून काढा, नसेल तर जास्त घेऊन काही मिळत नाही. 'बूस्टर' लिहिलेल्या डब्यांतलं गोखरू टेस्टोस्टेरॉन वाढवतं असं माणसांवरच्या प्रयोगात दिसलेलं नाही. आणि ज्या 'नैसर्गिक' गोळ्या खाऊन पहिल्याच रात्री फरक पडतो त्यात न सांगता सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) मिसळलेलं वारंवार सापडलंय. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्या माणसाचं त्याने बीपी इतकं पडू शकतं की जीवावर बेतेल.

पायरी ६: घरात बोला

हे मी सगळ्यात उशिरा केलं, तुम्ही आधी करा. वर्षभर मी रात्री मुद्दाम उशिरापर्यंत लॅपटॉप घेऊन बसायचो, बायको झोपली की मगच आत जायचो, आणि तिला वाटत होतं की तिच्यातलाच माझा रस संपलाय. मला वाटत होतं मी लपवतोय, पण ज्या माणसापासून लपवत होतो त्यालाच त्याचा चुकीचा अर्थ लागत होता. रिपोर्ट टेबलावर ठेवून "हे असं आलंय" एवढंच म्हटलं मी, ती आधी रडली आणि मग चिडली.

पायरी ७: खरंच कमी असेल तर उपचार

दोन सकाळी कमी, लक्षणंही तीच, कारण शोधून झालं, तरी कमीच. मग टेस्टोस्टेरॉन घ्यायला लाजू नका, ते औषध आहे, थायरॉईडची गोळी घेतो तसंच.

पण मूल हवं असेल तर आधी हे वाचा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शुक्रजंतू बनणं कमी होतं, कित्येकांचं शून्यावर येतं. शुक्रजंतू वाढतील म्हणून घेतात आणि उलटंच होतं. अशांना एचसीजी किंवा क्लोमिफिनसारखे दुसरे मार्ग असतात, ते डॉक्टरला विचारा. प्रोस्टेट किंवा स्तनाचा कॅन्सर, रक्त आधीच घट्ट असणं, तीव्र अ‍ॅप्नियावर उपचार न घेतलेले, गेल्या काही महिन्यांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेला, ह्यांना सहसा देत नाहीत.

प्रकार मुख्यतः दोन. जेल रोज सकाळी खांद्या-दंडाला लावायचं, पातळी एकसारखी राहते, पण ते सुकेपर्यंत थांबा, वर कपडा घाला, हात साबणाने धुवा, कारण अंगाला अंग लागून ते बायकोला किंवा लहान मुलांना लागतं आणि मुलांमध्ये वेळेआधी वयात येण्याची लक्षणं दिसू शकतात. इंजेक्शनं एक-दोन आठवड्यांची असतात, त्यात घेतल्यावर दोन-तीन दिवस अंगात वारं आणि पुढचं इंजेक्शन जवळ आलं की बॅटरी लो, असं होतं. लांब पल्ल्याचं इंजेक्शन, अनडेकॅनोएट, साधारण १० ते १४ आठवड्यांनी एकदा.

हृदयाची भीती बरीच वर्षं होती. २०२३ मध्ये ट्रॅव्हर्स नावाचा अभ्यास आला, हृदयाचा धोका असलेल्या पाच हजारांहून जास्त पुरुषांवर जेल वापरून, त्यात हार्ट अटॅक आणि पक्षाघात नकली (औषध नसलेल्या) जेलपेक्षा वाढले नाहीत. पण हृदयाचे अनियमित ठोके आणि फुफ्फुसात रक्ताची गुठळी ह्यांचं प्रमाण थोडं जास्त दिसलं, आणि हाडं मोडण्याचंही, ज्याची कुणालाच अपेक्षा नव्हती. म्हणजे घाबरायचं कारण कमी झालं, पण बिनधास्त व्हायचं नाही.

सुरू केल्यावर काय होतं? इच्छा तीन ते सहा आठवड्यांत सुधारायला लागते. ताठरतेला सहा महिनेही लागू शकतात, स्नायूंना तीन-चार महिने, हाडांना वर्ष-दोन वर्षं. थकव्यावर मात्र फार आशा ठेवू नका, ६५ वरच्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला त्यात लैंगिक बाजू सुधारली, उत्साहात फरक जेमतेम.

सुरू करायच्या आधी हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा हिस्सा किती, म्हणजे रक्त किती घट्ट) आणि पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) करून ठेवा, मग तीन ते सहा महिन्यांनी परत, पुढे वर्षातून एकदा. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेला तर डोस थांबवतात. माझ्या एका मित्राचा ५५ गेला होता, त्याला काहीच जाणवत नव्हतं, चेहरा लाल झाला म्हणून सगळे म्हणायचे तब्येत सुधारली! पीएसए वर्षभरात १.४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा जास्त वाढलं तर युरॉलॉजिस्ट. इंजेक्शनवर असाल तर रक्त कुठल्या दिवशी द्यायचं ते विचारून घ्या, दुसऱ्याच दिवशी दिलं तर आकडा आभाळाला टेकलेला दिसेल.

आणि पातळी नॉर्मलला येऊन सहा महिने झाले तरी तुमच्या त्या वहीत काहीच बदललं नसेल तर डॉक्टरशी बोलून ते बंद करा, तुमचा त्रास दुसऱ्या कशाचातरी आहे. वही फेकू नका, पुढच्या डॉक्टरला तीच लागणारे.